केशरबाईंच्या गोठ्यापर्यंत

प्रार्थना शनिवारी दुपारच्या एसटीने आली, ती एक खोका छातीशी धरूनच.

"आई, आधी हे ठेवायला जागा कर. मग पाणी दे," ती म्हणाली.

हन्नाबाईंनी टेबलावरची औषधं एका बाजूला सारली. खिडकीजवळच्या खाटेवर शमुवेल पाटोळे पडून होते. त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि डावा हात जरासा वर केला. अर्धांगाचा झटका येऊन अकरा महिने होत आले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेल्यात जमा होतं. ‘हां’, ‘नाही’, ‘पाणी’ आणि ‘चला’ एवढे चारच शब्द तोंडात उरले होते. त्यातला ‘पाणी’ कशालाही लागू व्हायचा. कूस बदलायची असली तरी पाणी, पंखा बंद करायचा असला तरी पाणी. ‘हां’ आणि ‘नाही’ मात्र ते कधी चुकत नसत. चौतीस वर्षं पाटकरी म्हणून कालव्याच्या कडेने उन्हातान्हात चाललेला माणूस. कुणाच्या शेताला किती तास पाणी सुटलं ते कागद न बघता सांगणारा. आता त्यांना बोटांवर तीनपर्यंत मोजायला लावलं तरी ते दोनावर अडत आणि हसल्यासारखं करत.

"हे काय आणलंस?" हन्नाबाईंनी विचारलं.

"फोन. कॉर्डलेस. मंगळवारी ग्रामपंचायतीचा माणूस येऊन इंटरनेटची डबी बसवून गेला ना, ती ह्याच्यासाठीच."

"मोबाइल आहे की माझ्याकडे."

"तो घरात लागतो का?"

ते खरंच होतं. नेवाशापासून बारा किलोमीटर आत, प्रवरेच्या वळणात, खोलगट जागी त्यांचं गाव होतं. मोबाइलला रेंज यायची ती पाण्याच्या टाकीपाशी, नाहीतर चर्चच्या पायरीवर. घरात मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ.

प्रार्थनाने खोका उघडला. एक बेस, एक नुसता चार्जर, दोन हँडसेट आणि पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार सेल. ती पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे बारीक अक्षरातले कागद वाचायची तिला सवय होती. तिने माहितीपत्रक टेबलावर पसरलं, बेसची वायर डबीत खोचली, अडॅप्टर प्लगमध्ये लावला. सेल बसवून दोन्ही हँडसेट चार्जिंगला ठेवले.

"सोळा तास. तोवर हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"आणि लाइट गेली तर?"

"लाइट गेली की फोन बंद. तेवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लेक घरात होती म्हणून हन्नाबाई उपासनेला जाऊन आल्या. त्या वर्षातली ती चौथी वेळ. त्या परत आल्या तेव्हा प्रार्थना दुसरा हँडसेट बेसला जोडण्याच्या खटपटीत होती. बेसवरचं बटण दाबून धरायचं, टुंग झालं की हँडसेटवर चार शून्यं दाबायची, असं कागदावर होतं. दोनदा फसलं. तिसऱ्या वेळी तिने बटण जास्त वेळ दाबून धरलं आणि हँडसेटच्या पडद्यावर घराची छोटी खूण उमटली.

मग तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि वडिलांच्या हँडसेटवरच्या एका बटणावर जाड ठिपका दिला.

"हे बघ आई. दोनच फोन आहेत, त्यामुळे इथे हे एक बटण दाबलं की तिथे दुसरा वाजतो. नंबर लावायची गरज नाही. पप्पा, हे बघा. लाल. हे दाबायचं. आई हवी असली की लाल."

शमुवेल तो ठिपका बघत राहिले. तिने त्यांचा डावा अंगठा धरून बटणावर ठेवला. हन्नाबाई दुसरा हँडसेट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन थांबल्या. बराच वेळ काही झालं नाही. बाहेरून प्रार्थनाचा आवाज येत होता, "ते नाही पप्पा... ते पण नाही... लाल."

आणि फोन वाजला. इतक्या जवळून वाजला की त्या दचकल्या. कानाला लावला तर आधी नुसता श्वास. चाळीस वर्षांचा संसार झाला होता, पण ह्या माणसाशी फोनवर त्या दहा-पाच वेळाच बोलल्या असतील. दोघं कायम एकाच घरात. श्वासामागून शब्द आला, "चला."

"आले, आले," त्या फोनमध्येच म्हणाल्या आणि बाहेर धावल्या. शमुवेल हसत होते, अर्ध्या तोंडाने. प्रार्थनाने डोळे पुसले.

हा फोन येईपर्यंत घरात काय चालायचं, ते प्रार्थनाला फारसं माहीत नव्हतं. शमुवेलजवळ एक स्टीलचं ताट आणि चमचा ठेवलेला असायचा. ते चमचा आपटायचे आणि हन्नाबाई असतील तिथून यायच्या. पण ताटाचा आवाज अंगणाच्या पलीकडे जात नव्हता. म्हणून त्याही अंगणाच्या पलीकडे जात नव्हत्या. किराणा घरपोच यायचा, दळण केशरबाई नेऊन आणायच्या. गावाने ज्यांना पस्तीस वर्षं शाळेत शिकवायला येता-जाताना पाहिलं, त्या पाटोळेबाई आता दिसायच्याच नाहीत. लोक विचारायचे, पण येऊन बसायला कुणाला वेळ होता?

"आता बाहेर जाऊन बघू, कुठवर लागतो ते," प्रार्थना म्हणाली. "तू जा. मी पप्पांपाशी बसून बोलते."

हन्नाबाई फोन कानाला लावून निघाल्या.

"ऐकू येतंय?"

"येतंय. कुठे आहेस?"

"हौदापाशी."

"पुढे जा."

"शेवग्याखाली आले."

"येतंय अजून. जा पुढे."

गल्लीत शिरल्यावर आवाज बारीक झाला, पण शब्द कळत होते. शेजारच्या केशरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"अगं बया! बाई, कुनाशी बोलताय येवढं?"

"घरीच बोलतेय," हन्नाबाई म्हणाल्या आणि दोघींना हसू फुटलं.

केशरबाईंचा ओटा गेला, कडब्याची गंज गेली, गोठा आला. गोठ्याच्या कोपऱ्यावरून नदीची वाट सुरू व्हायची. तिथे चार पावलं पुढे टाकली तेव्हा प्रार्थनाचा आवाज तुटला, "आई... थां..." आणि टुक टुक टुक असा आवाज होऊन फोन मुका झाला. हन्नाबाई मागे सरकल्या. पडद्यावर खूण परत आली. पुन्हा पुढे गेल्या, पुन्हा गेली.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, "केशरबाईंच्या गोठ्यापर्यंत लागतो."

"मग खूप झालं की गं," प्रार्थना म्हणाली.

"हो. खूप झालं," हन्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांना तसं खरंच वाटलं होतं.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. दुपारी शमुवेलना भरवून, तोंड पुसून, कुशीवर वळवून झालं की त्या फोन घेऊन केशरबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. चहा व्हायचा. केशरबाईंच्या सुनेची तक्रार, म्हशीचं दूध, ऊसतोडीची टोळी कधी यायची, असलं काहीबाही बोलणं. अकरा महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून एवढी वाक्यं त्यांच्या कानावर पडली नव्हती. संध्याकाळी प्रार्थनाचा फोन यायचा. त्या हँडसेट शमुवेलच्या कानाला लावून धरायच्या आणि ते ‘हां, हां’ करत राहायचे.

मग शमुवेलना त्या बटणाची सवय लागली.

आधी दिवसातून पाच-सहा वेळा वाजायचा. मग पंधरा-वीस वेळा. नाताळ उलटला तोवर मोजणं सोडून द्यावं लागलं. माशी बसली, वाजला. पडदा हलला, वाजला. हन्नाबाई अंघोळीला गेल्या, वाजला. भाकरी तव्यावर असताना वाजला, त्या पिठाच्या हाताने गेल्या, तर शमुवेल नुसते बघत पडलेले.

"काय हवंय?"

त्यांचा अंगठा लाल ठिपक्यावरच.

"पाणी?"

"नाही."

"मग कशाला दाबलंत?"

ते त्यांच्याकडे बघायचे. त्यांना काहीच नको असायचं. ती आहे का, एवढंच बघायचं असायचं. हन्नाबाईंना ते कळत होतं, आणि कळत असूनही सोसवत नव्हतं. ताट वाजवायचे तेव्हा त्यांचा हात तरी दमायचा. ह्या बटणाला जोर लागत नव्हता.

केशरबाईंच्या ओट्यावर चहाची बशी तोंडाला लावली की फोन वाजायचा. केशरबाई म्हणायच्या, "जा बाई, बलावतंय तुमचं मानूस." पुढे पुढे त्या काही बोलेनाशा झाल्या. नुसती बशी बाजूला ठेवून द्यायच्या. हन्नाबाई परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची.

जानेवारीत एकदा सकाळी सातव्यांदा फोन वाजल्यावर त्या खाटेशी गेल्या आणि ओरडल्या, "मी माणूस आहे की नाही? सांगा ना! आहे की नाही?"

शमुवेल म्हणाले, "हां." आणि त्यांचा डावा डोळा भरून आला. उजव्यातून तर एरवीही पाणी गळत असायचं. हन्नाबाईंनी पदराने दोन्ही डोळे पुसले, स्वतःचेही. त्या दिवशी त्यांनी फोन वाजला की ‘आले हं’ असं गोड आवाजात म्हणायचं ठरवलं आणि ते दुपारपर्यंत टिकलं.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. शमुवेल जेवून डोळे मिटून पडले होते. लघवीची बाटली स्टुलावर होती, हँडसेट नाडीने खाटेच्या गजाला बांधलेला, त्यांच्या डाव्या हाताशी. हन्नाबाई आपला फोन घेऊन केशरबाईंकडे गेल्या. केशरबाई डोक्यावर पदर घेऊन निघण्याच्या तयारीत होत्या.

"नदीला पानी सोडलंय," केशरबाई म्हणाल्या. "लई दिवसांनी भरून वाहतीय. गोधड्या धुवायला सून गेलीय म्होरं. चला की बाई, घटकाभर."

"मला कुठं येता येतंय?"

"झोपलेत न्हवं आप्पा? लगीच यिऊ माघारी."

हन्नाबाई ‘नाही’ म्हणाल्या. ओट्यावर बसल्या. केशरबाई निघाल्या, गोठ्याच्या कोपऱ्यावरून वळल्या. मग हन्नाबाई उठल्या आणि त्यांच्या मागे गेल्या. त्या वेळी काय मनात आलं, ते पुढे त्यांनी पुष्कळदा आठवून पाहिलं. काहीच आलं नव्हतं. पाय निघाले, एवढंच. गोठ्यापुढे चार पावलांवर फोन टुक टुक करू लागला. त्या थांबल्या नाहीत. आवाज नको म्हणून त्यांनी फोन हातातल्या कापडी पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

नदी खरंच भरली होती. मळकट पाणी काठच्या बाभळीच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. हन्नाबाई एका दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. केशरबाईंच्या सुनेने ओंजळभर बोरं दिली. ती खात असताना केशरबाईंनी कुठल्याशा लग्नातली गंमत सांगितली. वरमाईची साडी मांडवाच्या खिळ्यात अडकली आणि ती पुढे, मांडव मागे. हन्नाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी चाललं होतं. फोन वाजत नव्हता. किती वेळ गेला ते कुणी पाहिलं नाही.

परत येताना गोठ्यापाशी त्यांनी पिशवीतून फोन काढला. पडद्यावर खूण आली आणि क्षणात फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. श्वास होता, पण नेहमीचा नव्हता. मध्येच कण्हल्यासारखा आवाज.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, आले मी."

त्या सत्तरीच्या बाई गल्लीतून पळत सुटल्या.

शमुवेल खाट आणि स्टूल ह्यांच्यामध्ये जमिनीवर पडले होते. उजवा पाय विचित्र वळला होता. लेंगा ओला झाला होता आणि बाटली लांब खिडकीखाली गेली होती. नाडी ताणून हँडसेट त्यांनी छातीशी धरला होता आणि अंगठा अजून लाल ठिपक्यावर होता. काय झालं ते सांगायला त्यांना शब्द लागले नाहीत. लघवी लागली. त्यांनी बटण दाबलं. कुणी आलं नाही. परत दाबलं, परत दाबलं. अंथरुणात करायची त्यांना आयुष्यभर लाज. म्हणून बाटलीपर्यंत हात पोचवायला गेले आणि खाली आले. पडल्यावरही दाबत राहिले.

हन्नाबाईंनी आरडाओरडा केला. केशरबाई आल्या, त्यांचा मुलगा आला. त्याने टाकीपाशी जाऊन अँब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत हन्नाबाईंनी त्यांचा लेंगा बदलला. ओल्या कपड्यात त्यांना कुणी बघू नये, एवढंच त्यांना त्या वेळी सुचलं.

नगरच्या दवाखान्यात रात्र गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय कमजोर, ऑपरेशनचा धोका मोठा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी प्रार्थना पुण्याहून पोचली. वडिलांच्या कपाळावरून हात फिरवत तिने विचारलं, "पप्पा, असं कसं पडलात? आईला बोलवायचं ना. बटण दाबलं नाहीत का? लाल?"

शमुवेलनी लेकीकडे पाहिलं. मग पलीकडे उभ्या असलेल्या हन्नाबाईंकडे पाहिलं. बराच वेळ.

"नाही," ते म्हणाले.

"विसरलात?"

"हां."

प्रार्थनाने सुस्कारा सोडला. "सुचलंच नसेल त्यांना," ती आईला म्हणाली. "तू तरी काय करणार! शेजारीच होतीस ना?"

हन्नाबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुपारी प्रार्थना औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्या खाटेशी वाकल्या.

"दाबलं होतंत ना तुम्ही?"

"हां."

"मग तिला ‘नाही’ का सांगितलंत?"

शमुवेलनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप आली आहे, की त्यांना हे बोलणं नको आहे, ते हन्नाबाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारायचं धाडस केलं नाही. पुढे सोळा दिवस त्या त्यांच्या उशाशी होत्या. एक क्षण हलल्या नाहीत. पण त्या दिवसांत शमुवेलनी त्यांना एकदाही हाक मारली नाही. काही हवं असलं तरी वाट बघत पडून राहायचे. हे हन्नाबाईंना सगळ्यात जड गेलं. रागाने तसं करत असते तर बरं झालं असतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता. त्रास द्यायचा नाही, असं ठरवून टाकल्यासारखा तो चेहरा होता.

सतराव्या दिवशी सकाळी, नर्स अंग पुसत असताना, ते गेले. छातीत कफ भरला होता.

गावातल्या कबरस्तानात त्यांना पुरलं. पाळकसाहेब चांगलं बोलले. पाटावरची पुष्कळ जुनी माणसं आली होती. कुणाच्या शेताला पाटोळे कधी कमी पाणी सोडायचे नाहीत, असं सगळे म्हणाले. केशरबाई एका कडेला उभ्या होत्या. त्या हन्नाबाईंजवळ आल्या नाहीत. तीन दिवसांनी भाकऱ्या घेऊन आल्या तेव्हा दारातच थांबून म्हणाल्या, "बाई, मीच म्हनलं हुतं, चला म्हनून. माज्या जिवाला लई लागलंय."

"तुम्ही म्हणालात. आले मी," हन्नाबाई म्हणाल्या. "आत या."

पण केशरबाई आत आल्या नाहीत. टोपलं ओट्यावर ठेवून गेल्या.

प्रार्थनाची रजा रविवारी संपणार होती. शनिवारी दुपारी ती घर आवरत होती. खाट अंगणात उन्हात काढली, औषधं पिशवीत भरली. मग खिडकीशी बसून ती म्हणाली, "एक गोष्ट मनातून जात नाही आई. मी एवढा फोन आणला, शिकवलं, आणि ऐन वेळी त्यांना आठवलं नाही. आणखी दोन दिवस थांबून पक्कं करून घ्यायला हवं होतं मी. मीच घाई केली."

हन्नाबाई धान्य निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. लेक ते स्वतःवर घेईल, असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आठवलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी दाबलं होतं."

प्रार्थनाने वळून पाहिलं.

"मी गोठ्याच्या पुढे गेले होते. नदीवर. मला ठाऊक होतं तिथं फोन लागत नाही. पिशवीत घालून ठेवला. परत आले तेव्हा ते खाली पडून दाबतच होते."

"पप्पा ‘नाही’ म्हणाले."

"माझ्यासाठी म्हणाले."

प्रार्थना उठून मोरीत गेली आणि स्वच्छच असलेली भांडी घासू लागली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"त्यांनी जाताना तुझ्यासाठी एवढी एक गोष्ट केली," ती म्हणाली. "ती तरी राहू द्यायची होतीस. मला कशाला सांगितलंस?"

"तू स्वतःला दोष देत होतीस म्हणून."

"तो बरा होता, आई. तो सोसवला असता मला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती पुण्याला गेली. दारात तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मार्च गेला. फोन आठवड्यातून एकदा यायचा, बुधवारी. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं, ठेवते. हन्नाबाई दुसरा हँडसेट बेसवरच राहू द्यायच्या, घेऊन फिरायच्या नाहीत. आता त्यांना कुठेही जाता येत होतं. त्या नेवाशाला जाऊन पेन्शनचं काम करून आल्या. दर रविवारी चर्चला जाऊ लागल्या. पण उपासना चालू असताना मध्येच त्यांचा हात कमरेपाशी जायचा, तिथे फोन खोचलेला असल्यासारखा. कधी घरात एकट्या असताना वाजल्याचा भास व्हायचा. उठून जाऊन बघायच्या. खाटेच्या जागी फरशीचा एक चौकोन इतर फरशीपेक्षा उजळ राहिला होता, त्यावर उभ्या राहायच्या आणि परत यायच्या.

गुड फ्रायडेला प्रार्थना आली नाही. ईस्टरलाही नाही.

मे महिन्यात ती आली, न कळवता. चार दिवस राहिली. पहिले दोन दिवस घरात जरुरीपुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी अंगणात सावलीला बसून चिंचा फोडत होत्या. चिंचोके एका टोपलीत, गर दुसरीत. प्रार्थनाने मान वर न करता विचारलं, "किती वेळ होतीस गं नदीवर?"

हन्नाबाईंना हा प्रश्न कधीतरी येईल असं वाटत होतं. तो असा येईल, असं वाटलं नव्हतं.

"पाऊण तास असेल. तासही असेल. पाहिलं नाही."

"काय केलंस तिथं?"

"काही नाही. पाय पाण्यात सोडून बसले. बोरं खाल्ली." त्या थांबल्या. मग खरं तेच सांगायचं असं ठरवून म्हणाल्या, "हसले मी. पोट धरून हसले. तिकडे ते खाली पडले होते आणि इकडे मी हसत होते."

प्रार्थनाच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती रडेल किंवा उठून जाईल असं हन्नाबाईंना वाटलं. ती उठली नाही.

"वर्षभरात तू हसलेली मला आठवत नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती की जाब होता, ते कळत नव्हतं. कदाचित तिलाही कळत नसावं.

"नव्हतेच हसले."

"कशावरून हसलीस?"

"जाऊ दे ना ते."

"नको. सांग मला."

हन्नाबाईंनी हात पदराला पुसले. घसा नीट करून, शाळेत सांगायच्या तसं सुरुवातीपासून सांगायला लागल्या, कुणाचं लग्न, कुठला मांडव. वरमाईच्या साडीपाशी आल्यावर त्यांचा आवाज फाटला. प्रार्थनाने त्यांना थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ती खाली बघून चिंचा फोडत राहिली आणि आईला पुढचं सांगता येईपर्यंत वाट बघत बसली.